खुनी ठाऊक असतो तेव्हा

गुन्हेपट म्हणजे ज्याच्या कथानकाचा कणा एखादा गुन्हा, त्याचा तपास किंवा त्याची शिक्षा हा असतो असा चित्रपट, अशी ढोबळ व्याख्या स्वीकारली, तर मराठीत गुन्हेपटांची परंपरा क्षीण आहे असे म्हणण्याचा प्रघात आहे, आणि अपवाद म्हणून राजा परांजपे यांच्या ‘पाठलाग’चे (१९६४) नाव बहुधा पुढे केले जाते. जयंत देवकुळे यांच्या कादंबरीवरून निघालेला आणि दोन वर्षांनी राज खोसला यांनी ‘मेरा साया’ या नावाने हिंदीत नेलेला तो चित्रपट उत्तम रहस्यपट आहे, यात शंका नाही. परंतु रहस्यपट हा गुन्हेपटाचा एक प्रकार झाला. त्यात समोरची व्यक्ती खरी कोण, गुन्हा कोणी केला, हे शेवटपर्यंत झाकून ठेवायचे असते, आणि झाकण्याचे काम पटकथा व कॅमेरा करीत असल्यामुळे नटाने फार बोलके होऊन चालत नाही. दुसरा प्रकार असा, की गुन्हेगार कोण हे प्रेक्षकाला लवकरच कळते, गावाला तर आधीपासूनच ठाऊक असते, आणि तरीही तो माणूस उजळ माथ्याने वावरत असतो. मराठीतील लक्षात राहिलेले गुन्हेपट बहुतांशी या दुसऱ्या प्रकारचे आहेत, आणि म्हणूनच त्यांचा भार नायकापेक्षा चरित्र अभिनेत्यावर, म्हणजे नायक-नायिकेच्या भोवतीची, वय, धंदा, बोली आणि स्वभाव यांनी ठसठशीत अशी माणसे उभी करणाऱ्या नटावर, अधिक पडला आहे.

हे केवळ मराठीतच घडले असे नाही. फ्रिट्झ लांग यांच्या ‘एम’ (१९३१) या जर्मन चित्रपटात बालकांचा खुनी कोण हे प्रेक्षकाला बऱ्याच आधी समजते. तो खुनी रंगवणारा पीटर लॉरी पुढे अमेरिकेत गेला आणि १९३७ ते १९३९ या काळात त्याच चेहऱ्याने मिस्टर मोटो नावाचा जपानी गुप्तहेर साकारू लागला. एकच चेहरा आज आरोपीचा आणि उद्या तपास करणाऱ्याचा होऊ शकतो, ही सोय ज्या चित्रपटसृष्टीने वापरली तिने प्रेक्षकाला नकळत बरेच काही शिकवले, असे म्हणता येईल.

हे शिक्षण एखाद्या प्रेक्षकाच्या आयुष्यात कसकसे उतरत गेले हे पाहायचे असेल, तर चाकण-तळेगाव रस्त्यालगतच्या महाळुंगे गावातील, १९६५च्या मागेपुढे जन्मलेल्या माणसाची कल्पना करणे सोयीचे ठरते. त्याच्या बालपणी चाकण म्हणजे कांदा-बटाट्याची बाजारपेठ होती, कारखाने होते ते पलीकडे पिंपरीत, आणि सिनेमा यायचा तो जत्रेच्या वेळी, तंबूतून. तंबूतला सिनेमा म्हणजे ट्रकमधून पेट्या आणि प्रक्षेपक यंत्र घेऊन गावोगाव फिरणारे चित्रपटगृह. यंत्र बहुधा एकच असल्याने रीळ संपले की दुसरे चढेपर्यंत खेळ थांबे, दिवा लागे, आणि जमिनीवर मांडी घालून बसलेले प्रेक्षक एकमेकांशी बोलू लागत. रहस्यपटाला असा खंड मारक ठरतो. खलनायकप्रधान चित्रपटाला मात्र तो पोषक ठरत असावा, कारण त्या दोन-तीन मिनिटांत पडद्यावरच्या पाटलाची तुलना गावातल्या कोणाशी करायची ते ठरून जाई.

हा पाटील, सरपंच किंवा साखर कारखान्याचा अध्यक्ष बहुतेक वेळा निळू फुले असत. पुण्यात वाढलेला, सशस्त्र सेना वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम केलेला, राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून तयार झालेला हा नट ‘कथा अकलेच्या कांद्याची’ या लोकनाट्यामुळे नावारूपाला आला आणि अनंत माने यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’मधील (१९६८) झेलेअण्णा या भूमिकेने चित्रपटात स्थिरावला. लोकनाट्य हे तमाशातील वगाचे, म्हणजे गण-गवळणीनंतर येणाऱ्या कथानाट्याचे, शहरी रंगमंचावरील रूप होय. वगात संवाद बरेचसे आयत्या वेळी रचले जातात आणि समोरच्याने टाकलेला शब्द झेलून परतवण्याची सवय नटाच्या अंगी मुरते. महाळुंग्याच्या प्रेक्षकाला ही परंपरा परकी नव्हती, कारण चाकणवरून जाणाऱ्या पुणे-नाशिक रस्त्यावरच नारायणगाव आहे, जिथे जत्रांच्या हंगामात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी सुपारी द्यायला येतात. फुले यांचा खलनायक घाबरवतो तो ओरडून नव्हे. मान किंचित तिरकी करून, आवाज खालच्या पट्टीत ठेवून ते वाक्यातला एखादा शब्द लांबवतात, समोरचा माणूस त्या लांबलेल्या शब्दात अडकतो, आणि पुढचे वाक्य येण्याआधीच त्याला आपली पायरी कळलेली असते. बायका त्यांना खरोखरीच वाईट चालीचा माणूस समजत, ही त्यांच्याविषयी नेहमी सांगितली जाणारी गोष्ट या अभिनयाची पावती म्हणून सांगितली जाते. पण एका मोठ्या नटाला एकाच साच्यात वर्षानुवर्षे राबवल्याचा तो पुरावाही आहे.

त्या साच्याला आतून तडा देणारा चित्रपट ‘सामना’. रामदास फुटाणे यांची निर्मिती, विजय तेंडुलकरांची पटकथा आणि जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन असलेला हा चित्रपट १९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात दाखवला गेला. साखर कारखान्याचे सर्वेसर्वा हिंदूराव धोंडे-पाटील एका दारुड्या मास्तरला आसरा देतात, मास्तरच्या कानावर मारुती कांबळे हे नाव पडते, आणि त्या माणसाचे पुढे काय झाले एवढेच तो विचारत राहतो. खुनाचा तपास असा इथे नाहीच. पोलीस नाहीत, पुराव्याची जुळवाजुळव नाही, आणि कोणी काय केले हे ओळखायला प्रेक्षकाला फार वेळही लागत नाही. ताण आहे तो दोन चरित्र अभिनेत्यांमधला. डॉ. श्रीराम लागू यांचा मास्तर बोलताना अडखळतो पण विचारायचे थांबत नाही, आणि निळू फुले यांचा हिंदूराव हळूहळू त्या प्रश्नाची वाट पाहू लागतो. या मास्तरचे मत आपल्याबद्दल चांगले असावे अशी त्या माणसाला गरज वाटू लागते, आणि ती गरज फुले यांनी इतक्या संकोचाने दाखवली आहे की प्रेक्षकाला खुन्याची लाज वाटण्याऐवजी खुन्याबरोबर लाज वाटते. मराठी चित्रपटात खलनायकाला मिळालेली ही सर्वांत अवघड भूमिका होती, असे निःसंकोच म्हणावे लागते.

लागू यांच्या बाजूने पाहिले तर ‘सामना’तील मास्तर हा ‘पिंजरा’तील (१९७२) मास्तरचा उलटा भाऊ आहे. व्ही. शांताराम यांच्या त्या चित्रपटात आदर्श गुरुजी तमासगिरिणीच्या नादी लागतो, दुसऱ्याच माणसाचे प्रेत गुरुजीचे समजले जाते, आणि शेवटी स्वतःच्याच खुनाचा आरोप त्याच्यावर येतो; गावाने जपलेली आपली प्रतिमा मोडू नये म्हणून तो शिक्षा पत्करतो. एका मास्तरने गप्प राहून गावाचा भ्रम राखला, दुसऱ्याने बोलून तो मोडला, आणि दोन्ही मास्तर कान-नाक-घशाचे शल्यविशारद असलेल्या एकाच नटाने, जेमतेम दोन-तीन वर्षांच्या अंतराने उभे केले. गंमत अशी की ‘पिंजरा’ला गर्दी झाली ती लावण्यांमुळे, आणि त्यात एक विलक्षण गुन्हेकथा आहे हे अनेकांच्या ध्यानातही राहिले नाही.

तरुणपणी या प्रेक्षकाने आयटीआयचे प्रमाणपत्र मिळवून पिंपरी-चिंचवडच्या एखाद्या कारखान्यात नोकरी धरली असेल, तर त्याचा रोजचा संबंध चापेकर बंधूंच्या चिंचवडशी आला. २२ जून १८९७ रोजी गणेशखिंड रस्त्यावर या बंधूंनी प्लेग अधिकारी रँड याच्यावर झाडलेल्या गोळीची कथा नचिकेत आणि जयू पटवर्धन यांनी ‘२२ जून १८९७’ (१९७९) या चित्रपटात मांडली. सरकारच्या लेखी जो खून तो गावाच्या लेखी पराक्रम, हा गुन्हेपटातील सर्वांत जुना पेच त्यात आहे. या चित्रपटात लोकमान्य टिळक झाले होते ते नगरचे सदाशिव अमरापूरकर. चारच वर्षांनी गोविंद निहलानी यांच्या ‘अर्धसत्य’मध्ये (१९८३) तोच नट रामा शेट्टी होऊन आला आणि हिंदी खलनायकाची ठरीव वेशभूषा, ठरीव हास्य, ठरीव अड्डा हे सारे एका झटक्यात शिळे वाटू लागले. श्री. दा. पानवलकर यांच्या ‘सूर्य’ या कथेवरून तेंडुलकरांनी लिहिलेल्या या चित्रपटात ओम पुरी यांचा फौजदार अनंत वेलणकर आतल्या आत धुमसत असतो, आणि त्याच्यापुढे मोजक्याच प्रसंगांत दिसणारा शेट्टी निवांत असतो. त्याला घाई नाही, कारण वरची माणसे त्याची आहेत. टिळकांच्या भूमिकेला लागणारा ठामपणा आणि शेट्टीचा निवांतपणा यांच्या मुळाशी नटाची एकच ताकद आहे: आपण जागचे हलणार नाही याची समोरच्याला खात्री पटवणे.

अमरापूरकर यांची पुढील वाटचाल मात्र चरित्र अभिनेत्याच्या नशिबाचा नमुना म्हणून वाचावी लागते. ‘सडक’मधील (१९९१) महाराणीने त्यांना फिल्मफेअरचा खलभूमिकेसाठीचा पुरस्कार मिळवून दिला, ‘आँखें’ (१९९३) आणि ‘कुली नं. १’ (१९९५) यांनी त्यांना विनोदी केले. आणि सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘दोघी’त (१९९५) ते परिस्थितीने वाकलेल्या खेड्यातल्या घरातले मामा झाले. ज्या वर्षी शहरातल्या पडद्यावर ते लग्न जुळवणाऱ्याच्या वेषात हशा पिकवीत होते, त्याच वर्षीची ही ‘दोघी’ किती जणांनी पाहिली असेल, हा प्रश्न बाजूला ठेवलेलाच बरा.

त्याआधी, ऐंशीच्या दशकात, पुण्याने स्वतःच्या अंगणातली गुन्हेकथा पडद्यावर पाहिली. जोशी-अभ्यंकर हत्याकांड या नावाने ओळखली जाणारी, जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या अवधीत दहा बळी घेणारी खूनमालिका कला महाविद्यालयातील तरुणांनी घडवलेली निघाली, आणि त्यांतील चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी देण्यात आली. तिच्यावर बेतलेल्या ‘माफीचा साक्षीदार’मध्ये (१९८६) नाना पाटेकर होते; माफीचा साक्षीदार म्हणजे गुन्ह्यात सामील असूनही सर्व सत्य सांगण्याच्या अटीवर शिक्षेतून सूट मिळालेला आरोपी. चित्रपट म्हणून त्याची बाजू बेताची असली, तरी पाटेकरांच्या ‘परिंदा’तील (१९८९) अण्णाची पूर्वतयारी म्हणून तो पाहण्याजोगा आहे.

नंतर टीव्ही आला आणि गुन्हा घरात शिरला. बी. पी. सिंग यांच्या ‘एक शून्य शून्य’ या मराठी मालिकेतून आणि जानेवारी १९९८ पासून ‘सीआयडी’तून शिवाजी साटम तपास अधिकारी म्हणून इतके सवयीचे झाले की मुलांना त्यांचे खरे नाव सांगावे लागे. त्याच साटम यांनी महेश मांजरेकरांच्या ‘वास्तव’मध्ये (१९९९) गुंड झालेल्या मुलाच्या बापाचे, गिरणगावातल्या चाळीतल्या हताश माणसाचे काम केले. एकेकाळी बँकेत नोकरी करून नाटके केलेल्या या नटाला दोन्ही बाजूंचे घर ठाऊक होते, म्हणूनच एकीकडे दार तोडायला सांगणारा माणूस दुसरीकडे दारावरची थाप ऐकून दचकताना खोटा वाटत नाही.

तोवर महाळुंग्याच्या प्रेक्षकाचे गाव बदलले होते. चाकण परिसरात बजाज ऑटोचा कारखाना १९९९ मध्ये आणि फोक्सवॅगनचा २००९ मध्ये सुरू झाला, सातबाऱ्यावरची नावे बदलली, आणि गुंठ्याच्या, म्हणजे एकराच्या चाळिसाव्या भागाच्या, हिशेबाने जमीन विकून अंगावर सोने मिरवणाऱ्यांना लोक ‘गुंठामंत्री’ म्हणू लागले. भंगाराचा ठेका, पाण्याचे टँकर, कामगार पुरवठा यांभोवती नवे गुन्हे वाढले. १५ ऑगस्ट २०१८ रोजी पिंपरी-चिंचवडला स्वतंत्र पोलीस आयुक्तालय सुरू झाले, आणि पुढे महाळुंग्याच्या नावानेही पोलीस ठाणे झाले. २०१८च्याच नोव्हेंबरात प्रवीण तरडे यांचा ‘मुळशी पॅटर्न’ झळकला. मुळशी तालुका महाळुंग्यापासून दूर नाही, आणि जमीन विकून मोलमजुरीवर आलेल्या बापाचा मुलगा टोळीत शिरतो, ही कथा या पट्ट्यात कोणाला समजावून सांगावी लागली नाही.

त्या चित्रपटातील बाप, सखाराम, मोहन जोशी यांनी उभा केला आहे. ‘मृत्युदंड’ (१९९७), ‘गंगाजल’ (२००३) अशा चित्रपटांतून हिंदीत दीर्घकाळ क्रूरकर्मे रंगवणारे जोशी एकेकाळी पुण्यात मालवाहतुकीचा व्यवसाय करीत आणि स्वतः ट्रक चालवीत. ओझे उचलणाऱ्या माणसाचे खांदे आणि पाठ त्यांनी जवळून पाहिली असणार. पूर्वी ज्याचा चेहरा पाहून प्रेक्षक शिव्या देत, त्याच चेहऱ्याकडे इथे मुलगा मान वर करून पाहू शकत नाही. समोर इन्स्पेक्टर विठ्ठल कडूच्या भूमिकेत उपेंद्र लिमये आहेत, ज्यांनी ‘जोगवा’मध्ये (२००९) साडी नेसवून देवीला सोडलेल्या तरुणाचे दुःख मांडून राष्ट्रीय पुरस्कार मिळवला होता. पन्नाशी ओलांडलेला महाळुंग्याचा प्रेक्षक या चित्रपटात कोणाच्या बाजूने पाहतो हे उघड आहे: झेलेअण्णाला घाबरणारा मुलगा आता सखारामच्या वयाचा झाला आहे, आणि जमीन विकण्याच्या कागदावर अंगठा किंवा सही करणारे हात त्याने आपल्याच घरात पाहिले आहेत.

याच कथेवरून महेश मांजरेकरांनी २०२१ मध्ये ‘अंतिम’ हा हिंदी चित्रपट काढला. पोलीस अधिकाऱ्याची भूमिका सलमान खान यांच्याकडे गेली, तिला लढाया आणि प्रवेशाचे सोहळे मिळाले, आणि कथेचा तोल आपोआप तिकडे झुकला. गावाला खुनी ठाऊक असण्याची अस्वस्थता उरली नाही, कारण तो पकडला जाणारच याची खात्री नायकाच्या नावानेच दिली होती. बापाचे काम सचिन खेडेकर यांनी केले. त्यांच्या वाट्याला आलेले थोडके प्रसंग पाहताना मूळ कथा कोणाची होती हे अजूनही कळते.