गोठलेला खांदा

माजरीला राखेच्या बुधवारी सायंकाळच्या मिस्साला गर्दी असते. पहिल्या पाळीचे खाणकामगार घरी परततात, अंगावरची कोळशाची काजळी धुतात आणि सहकुटुंब चर्चला येतात. दोन वर्षांमागे त्या सायंकाळी आम्ही राखेची वाटी डाव्या हातात धरून वेदीसमोर उभे होतो. मुलांच्या कपाळापर्यंत आमचा उजवा हात सहज गेला. स्त्रियांच्या कपाळापर्यंत तो कष्टाने गेला. मग सहा फूट उंचीचा एक डम्परचालक पुढे आला आणि आमचा हात त्याच्या हनुवटीपाशीच थांबला. आम्ही जोर लावला, तोच खांद्यात अशी कळ उठली की वाटी हिंदकळली. तो भला माणूस काय समजायचे ते समजला आणि खाली वाकला. त्याच्यामागच्यांना वाटले, यंदा वाकून राख घ्यायची असावी, तेही वाकले. उपवासकाळात फादरांनी नम्रतेची चांगली प्रथा सुरू केली, असे पुढे एका वृद्ध भाविकांनी आम्हांला कौतुकाने सांगितले. आम्ही त्यांचा गैरसमज दूर केला नाही.

दुखणे खरे तर नाताळापासूनचे. गोठ्यावरची चांदणी टांगताना खांदा किंचित दुखावला, एवढेच निमित्त आठवते. आणि डॉक्टरांच्या मते तेही बहुधा निमित्तच, कारण नव्हे. जानेवारीत रात्री झोपेनाशा झाल्या. उजव्या कुशीवर वळलो की खांद्यात कोणी सुरी फिरवावी तसे होई. माजरी हे दिल्ली–चेन्नई लोहमार्गावरचे जंक्शन. वणीकडे जाणारा फाटा येथूनच निघतो आणि कोळशाच्या मालगाड्या रात्रभर चालू असतात. त्या दोन महिन्यांत आम्ही अंथरुणात बसून किती वाघिणी मोजल्या असतील, याचा हिशेब नाही. दुखते म्हणून आम्ही हात हलवणेच सोडले. मग कोणीतरी एका मालीश करणाऱ्याचे नाव सुचवले. त्याने तेल लावून हात असा काही पिळला की पुढचे आठ दिवस आम्हांला जपमाळही डाव्या हाताने ओढावी लागली.

शेवटी शहरातल्या अस्थिरोगतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फारसे काही विचारले नाही. कोपर बरगडीला टेकवून हात बाहेरच्या बाजूला वळवा, म्हणाले. तो वळेना. मग त्यांनी स्वतः आमचे मनगट धरून वळवून पाहिले; तरीही वळेना. स्नायू अधू असता तर त्यांच्या जोराने हात वळला असता. येथे सांधाच आखडला होता. क्ष-किरण चित्र निर्दोष आले आणि तेच निदानाला पुष्टी देणारे ठरले. रक्त तपासले तेव्हा दुसरी बातमी कळली: आम्हांला मधुमेह होता आणि आम्हांला त्याचा पत्ताच नव्हता. खांद्याने जणू चहाडी केली.

या विकाराला ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणजे गोठलेला खांदा हे नाव बोस्टनचे शल्यविशारद कॉडमन यांनी १९३४ मध्ये दिले. जपानी लोक त्याला ‘पन्नाशीचा खांदा’ म्हणतात, आणि ते नाव आम्हांला अधिक प्रामाणिक वाटते. चाळीस ते साठ या वयात तो गाठतो. पुरुषांपेक्षा स्त्रियांना अधिक, मधुमेहींना तर इतरांपेक्षा पुष्कळच अधिक. थायरॉइडच्या रुग्णांतही तो आढळतो. खांद्याच्या सांध्याभोवती एक सैल पिशवीसारखे आवरण असते. ते सैल आहे म्हणूनच हात चौफेर फिरतो. या विकारात ते आवरण सुजते, जाड होते आणि आक्रसते. आधी वेदनेचे काही महिने, मग वेदना ओसरून ताठरपणाचे महिने आणि मग हळूहळू सुटण्याचे महिने, असा त्याचा क्रम. सारे मिळून एक ते तीन वर्षे लागतात. डॉक्टरांनी हे सांगितले तेव्हा आमच्या तोंडून ‘तीन वर्षे?’ असे जरा मोठ्यानेच निघाले. बाहेर मे महिन्याचा पारा ४५ अंशांपलीकडे गेलेला आणि आमचा खांदा गोठलेला, या विसंगतीवर हसण्याच्या मनःस्थितीत आम्ही नव्हतो.

सांध्यात स्टिरॉइडचे एक इंजेक्शन झाले. त्याने रात्रीची झोप परत आली, मात्र रक्तातील साखर काही दिवस उसळली. मधुमेहींनी हे ध्यानात ठेवून डॉक्टरांना आधीच सांगावे. भूल देऊन सांधा मोकळा करणे आणि दुर्बिणीतून शस्त्रक्रिया करणे हेही मार्ग आहेत. इंग्लंडादी देशांतील ३५ रुग्णालयांत ५०३ रुग्णांवर या तिन्ही उपचारांची तुलना झाली आणि तिचे निष्कर्ष २०२० मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात आले. वर्षभरानंतर कोणताही एक मार्ग दुसऱ्याहून ठळकपणे सरस ठरला नाही. आमच्या डॉक्टरांनी हे सांगून वर म्हटले, “फादर, तेव्हा व्यायाम करा आणि धीर धरा.” धीर धरा हे वाक्य आम्ही गेली पंचवीस वर्षे इतरांना सांगत आलो आहोत. ते आपल्याला सांगितले गेल्यावर किती कोरडे लागते, हे तेव्हा समजले.

रोजचा खरा प्रश्न होता सॅक्रिस्टीतला. आल्ब डोक्यावरून घालता येईना. आधी दुखरा हात बाहीत, मग डोके, मग चांगला हात, हा क्रम शिकावा लागला. आणि तरीही पाठीमागचा कमरबंद बांधायला वेदीसेवक मुलगाच लागे. बारा वर्षांचे पोर आम्हांला लहान बाळासारखे सजवी. उत्थापनाच्या वेळी चषक छातीच्या वर जाईना. आम्ही मनाशी आयझॅक जोग यांना आठवत असू. त्या फ्रेंच येशूसंघीय धर्मगुरूंच्या हातांची बोटे १६४२ मध्ये बंदिवासात छिन्नविच्छिन्न करण्यात आली होती आणि तशा हातांनी मिस्सा अर्पण करण्याची मुभा त्यांना पोप आठवे उर्बान यांनी दिली. अर्थात कुठे ते हुतात्मे आणि कुठे आम्ही! तुलना आमची आम्हांलाच हास्यास्पद वाटे.

जवळचे उदाहरण तर शेजारीच होते. वरोऱ्याचे आनंदवन आमच्यापासून फार दूर नाही. पाठीच्या कण्याच्या विकाराने बाबा आमट्यांना बसणे अशक्य झाले होते. एक तर उभे राहायचे, नाहीतर आडवे व्हायचे. तशा देहाने, सत्तरी ओलांडल्यावर, १९८५ मध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडो अभियानाला निघाले. आम्हांला मात्र माजरीच्या वसाहतीत आजाऱ्यांना भेटायला जायचेही जिवावर येई, कारण स्कूटर चालवता येत नव्हती आणि कोणाच्या मागे बसून जायची लाज वाटत होती.

आता जे सांगावयाचे आहे ते सांगणे जड जाते.

आमच्या महिला मंडळातील एक भगिनी वेदीवरची फुले सजवीत असत. पाच वर्षांपूर्वी त्यांनी ते काम सोडण्याची परवानगी मागितली. हात वर जात नाही, म्हणाल्या. त्याच आठवड्यात आम्ही त्यांना एका लग्नघरी भराभर पोळ्या लाटताना पाहिले होते. आम्ही चार जणींदेखत म्हणालो, “पोळ्या लाटायला हात चालतो, देवाच्या फुलांनाच चालत नाही का?” त्या काही बोलल्या नाहीत. मंडळात येणे मात्र त्यांनी थांबवले, आणि आम्ही आमच्या मनात त्यांच्या नावापुढे आळस अशी नोंद केली.

लाटणे कमरेच्या उंचीवर चालते. ते खांदा गोठलेल्या माणसालाही जमते. आम्ही त्या महिन्यांत जेवत होतो, लिहीत होतो, टेबलावर हातही आपटत होतो. न जमणारी गोष्ट एकच होती, हात डोक्याच्या वर नेण्याची. हे आम्हांला एके सकाळी आल्ब घालता घालता उमगले आणि त्या मिस्सात आमचे लक्ष लागले नाही.

दुपारी त्यांच्या घरी गेलो. यजमान पाळीवर होते. आम्ही शब्द जुळवून नेले होते ते दारातच विसरलो आणि एवढेच म्हणालो, “ताई, माझाही हात वर जात नाही. त्या दिवशी मी चुकीचे बोललो.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “त्या दिवशी घरी येऊन मले लई रडू आलं होतं, फादर. वर्षभर माझी येणी पोरीनं घातली. कोनाले सांगू?” आमचे डोळे जमिनीकडे होते. त्या आत गेल्या आणि दोन कप बिनसाखरेचा चहा घेऊन आल्या. मधुमेह त्यांनाही होता.

त्यांनीच मग आम्हांला दाराची चौकट दाखवली. चौकटीलगतच्या भिंतीवर कोळशाच्या खड्याने ओढलेल्या रेघांच्या दोन रांगा होत्या. एक मुलाच्या उंचीची, दर वाढदिवसाची. दुसरी त्यांच्या बोटांची. भिंतीसमोर उभे राहायचे, बोटांनी भिंत चढायची आणि जिथे बोटे थकतील तिथे आठवड्याने रेघ मारायची. काही रेघा तर एकमेकींवरच पडल्या होत्या. “पोरगा माझ्यापेक्षा लवकर वाढला,” त्या हसून म्हणाल्या. फिजिओथेरपिस्टने आम्हांला हाच व्यायाम कागदावर लिहून दिला होता आणि तो कागद आमच्या प्रार्थनाग्रंथात घडी घालून तसाच पडला होता.

पुढच्या रविवारी प्रवचनात आम्ही झाले ते सांगितले. त्यांचे नाव घेतले नाही. मिस्सा संपल्यावर पटांगणात पाच स्त्रिया येऊन भेटल्या. प्रत्येकीचा एकेक खांदा. एकीला तर विहिरीवरचा दोरही ओढवत नव्हता आणि तिने नवऱ्यालाही सांगितले नव्हते. आम्ही सर्वांना रक्तातील साखर तपासायला धाडले.

त्यानंतर आमच्याही सॅक्रिस्टीच्या भिंतीवर रेघा उमटू लागल्या. खाणीतून निवृत्त झालेल्या एका फिटरकाकांनी आमच्या खोलीच्या दाराला कप्पी बसवून दोर ओवला. डाव्या हाताने ओढायचे, उजवा वर जायचा. “चालवत राहा जी फादर, उभ्या मशीनले गंज चढते,” असे बजावून गेले. वाकून हात लोंबता सोडून लंबकासारखा झुलवणे, काठी धरून हात बाहेर ढकलणे, गरम पाण्याचा शेक, हे सकाळ-संध्याकाळ. दुखेल इतके नाही, पण ताणेल इतके. पहिले चार महिने भिंतीवरच्या रेघा जेमतेम वीतभर चढल्या. नंतर एका पावसाळ्यात त्या भराभर वर गेल्या. गेल्या राखेच्या बुधवारी त्या डम्परचालकाच्या कपाळापर्यंत हात पोहोचला. तो सवयीने वाकलाच होता. पाठीमागे हात नेऊन कमरबंद बांधणे मात्र अजून जमत नाही. ते वेदीसेवकाकडेच आहे.

त्या भगिनी पुन्हा फुले सजवू लागल्या आहेत. गेल्या शनिवारी फुलदाणी ठेवता ठेवता त्या थांबल्या आणि म्हणाल्या, “फादर, आता डाव्या खांद्यात कळ निघते.” एक खांदा सुटल्यावर काहींना काही वर्षांनी दुसरा धरतो, हे आम्ही वाचले होते. आम्ही फिटरकाकांना निरोप धाडला. संध्याकाळी ते पाना-हातोडी घेऊन आले, आमच्या दाराची कप्पी उतरवली, दोराची गुंडाळी खांद्यावर टाकली आणि ताईंच्या घराची चौकट किती उंच आहे, ते विचारू लागले.