मेकफाइलच्या माथ्यावरची नावे

आजचे दप्तर मोडीतले नाही. फ्रीबीएसडी ही युनिक्स परंपरेतील संगणकप्रणाली. इतरांनी लिहिलेले प्रोग्रॅम तिच्यावर सहज बसवता यावेत, म्हणून १९९४ साली जॉर्डन हबर्ड यांनी ‘पोर्ट्स’ संग्रहाचा आरंभ केला. आज त्यात ३०,००० हून अधिक पोर्ट आहेत.

पोर्टमध्ये मूळ प्रोग्रॅम नसतोच. असतात त्या चार-दोन लहान फाइली. मेकफाइलीत नाव, आवृत्ती आणि सांभाळकर्त्याचा पत्ता. दुसरीत मूळ संहितेचा आकार व एसएचए-२५६ ठसा, म्हणजे वाटेत कुणी फेरफार केला तर तो उघडकीस यावा. आणखी एकीत वर्णन. संहिता मूळ ठिकाणाहून आणली जाते, पडताळली जाते, मगच बांधली जाते. पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला ही शिस्त परकी वाटू नये.

मजकुरातील शब्द मोजणाऱ्या एका इवल्या प्रोग्रॅमचा पोर्ट मी बांधला. प्रोग्रॅम जेमतेम शंभर ओळींचा, पण त्याच्या कर्त्याने लिनक्सची सवय गृहीत धरलेली. बॅश ‘बिन’मध्येच सापडेल, असे पहिल्याच ओळीत लिहिलेले. फ्रीबीएसडीवर बाहेरून आलेली प्रत्येक वस्तू ‘यूएसआर/लोकल’खाली राहते, पाहुण्यांची ओसरी वेगळी! ती एक ओळ बदलली आणि प्रोग्रॅम चालू लागला. असल्या बारीकसारीक दुरुस्त्यांवर हा सारा डोलारा उभा आहे, आणि त्या करणारे बहुतेक स्वयंसेवक आहेत.

जुन्या मेकफाइलींच्या माथ्यावर पोर्ट प्रथम कोणी घडवला, हे सांगणारी एक ओळ असे. पोथीच्या शेवटी लेखनिकाचे नाव असावे, तशी. जुलै २०२२ मध्ये या ओळी सरसकट काढण्यात आल्या. काढणाऱ्यांनी त्या बदलाच्या नोंदीत मूळ कर्त्यांची नावे देऊन त्यांचे आभार मानले, हे खरे. सीव्हीएस, मग २०१२ मध्ये सबव्हर्जन, २०२१ मध्ये गिट, अशा स्थलांतरांतून आलेला बदलांचा इतिहासही शाबूत आहे. तरी मला वाटते, हाताशी असलेले नाव आणि शोधून काढावे लागणारे नाव यांत अंतर आहेच.

माझा पोर्ट २०२२ नंतरचा, त्यामुळे त्याच्या माथ्यावर ती ओळ कधी नव्हतीच. सांभाळकर्त्याच्या रकान्यात सध्या माझा पत्ता आहे. तीन महिने प्रतिसाद दिला नाही, तर नियमाप्रमाणे तोही काढता येतो.