शिष्यवृत्तीवाले उभे राहा!

बी.एड.ला असताना आम्ही अध्ययनाच्या उपपत्ती घोकून पाठ केल्या. थॉर्नडाइकचे मांजर, पाव्हलॉव्हचा कुत्रा, स्किनरचे कबुतर, कोहलरचा चिंपांझी. एवढी जनावरे आमच्या वहीत होती, पण आमच्या वस्तीतले एकही पोर त्या वहीत नव्हते. दहा गुणांचे उत्तर लिहिले, पास झालो, विसरून गेलो. नोकरी लागली नाही (संस्थांमधल्या भरतीचा 'दर' आम्हाला परवडणारा नव्हता, तो विषय पुन्हा कधीतरी). मग आम्ही चौघांनी वस्तीतल्या विहारात संध्याकाळचा वर्ग सुरू केला आणि ती विसरलेली वही पुन्हा उघडावी लागली.

पहिली चूक आमचीच. आम्ही भिंतीवर तक्ता लावला आणि बरोबर उत्तराला एक तारा द्यायला लागलो. स्किनर म्हणतो ना, प्रबलन द्या! महिनाभरात पाच-सहा नावांपुढे तारेच तारे झाले आणि शेवटची तीन नावे कोरीच राहिली. ती तीन मुले यायची बंद झाली. त्यातल्या एकाला घरी जाऊन विचारले तर म्हणाला, "दादा, माझ्या नावापुढं काहीच नसतं आणि सगळे वाचतात." उतरंडीविरुद्ध भाषणे ठोकणाऱ्या आम्ही विहाराच्या भिंतीवरच नवी उतरंड टांगली होती. आणि हे काही स्किनरने सांगितले नव्हते. १९५३ साली तो स्वतःच्या मुलीच्या गणिताच्या तासाला जाऊन बसला. सगळ्या पोरांना एकाच वेगाने हाकले जाते आणि उत्तर बरोबर की चूक हे त्यांना तिथल्या तिथे कळतच नाही, हे त्याला खटकले. त्याचे म्हणणे होते की धडा इतक्या लहान पायऱ्यांत तोडा की प्रत्येक मूल आपापल्या वेगाने चढेल. आम्ही पायऱ्या केल्याच नाहीत, फक्त बक्षीस ठेवले. तक्ता उतरवला. तिघांपैकी दोघे परत आले. तिसरा वडिलांबरोबर सेंट्रिंगच्या कामाला जातो.

पण खरे सांगायचे ते पाव्हलॉव्हबद्दल. आमच्या वर्गात सातवीतली एक मुलगी आहे. विहारात सगळ्यात मोठा आवाज तिचा. शाळेत तिचे शिक्षक म्हणतात, ती मुकी आहे, मंद आहे. तिला खोदून विचारले तेव्हा कळले की शाळेत भर तासाला यादी वाचतात, "शिष्यवृत्तीवाले उभे राहा!" ती उभी राहते, वर्ग वळून बघतो, कुणीतरी हसते. मित्रहो, आपल्यातल्या कितीजणांनी हे वाक्य ऐकले आहे? आमच्यातल्या एकाला आजही भर सभेत नाव पुकारले की तळहाताला घाम सुटतो. वॉटसन आणि रेनर यांनी १९२० मध्ये एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मागे मोठा आवाज केला. काही वेळा असे केल्यावर नुसता उंदीर दिसला तरी ते मूल रडू लागले. प्रयोग क्रूरच होता, पण त्यातून एक गोष्ट कळते की भीती शिकवली जाते. आपल्या पोरांना ती हजेरीच्या वहीतून शिकवली जाते.

यावर 'मेरिट'वाले म्हणतील, ही भावनिक बडबड आहे. मग आकडे घ्या. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांचा प्रयोग २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. उत्तर भारतातल्या खेड्यांतले ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित शाळकरी मुलगे घेतले आणि त्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जात पुकारली नाही तेव्हा दोघांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. सगळ्यांसमोर नाव आणि जात वाचली, तेव्हा दलित मुलांची कोडी कमी सुटली. मुले तशीच, कोडी तशीच, बदलले एवढेच की कुणीतरी यादी वाचली.

सातारच्या शाळेत बाबासाहेबांना घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागत होते. पुढे कोलंबियात त्यांना जॉन ड्यूई शिक्षक म्हणून लाभले. पुस्तकातला धडा शिकता शिकता मूल भोवतालच्या वागण्यातून दुसरे बरेच काही शिकत असते, असे ड्यूई सांगत असे. गोणपाट हाही धडाच होता आणि शिष्यवृत्तीची यादी हाही धडाच आहे.

आता आम्ही वर्ग कसा घेतो? तिकडे व्हायगॉट्स्की कामी आला. (झारच्या रशियात ज्यूंना विद्यापीठात मोजक्याच जागा असत. हा माणूस चिठ्ठी निघाली म्हणून मॉस्कोला शिकू शकला.) मूल एकटे जे करू शकत नाही, ते जरा जास्त येणाऱ्याच्या सोबतीने करू शकते आणि उद्या तेच एकटे करते, असे तो म्हणतो. म्हणून नववीच्या पोरी पाचवीच्यांना अपूर्णांक शिकवतात. तेही कुठून सुरू करतात? भाजीच्या गाडीवरून. एक पोरगा आईच्या गाडीवर पावशेर, अर्धा किलोचा हिशोब तोंडी करतो आणि पेपरात १/४ दिसले की पेन खाली ठेवतो. ब्राझीलच्या रेसिफे शहरात १९८५ च्या एका अभ्यासात रस्त्यावर विक्री करणाऱ्या मुलांचे हेच दिसले होते. बाजारात जवळजवळ सगळे हिशोब बरोबर, तेच कागदावर आकडेमोड म्हणून दिले की निम्मेही नाहीत.

मागच्या महिन्यात आम्ही त्या मुलीच्या शाळेत अर्ज घेऊन गेलो. यादी वर्गात वाचू नका, पालकांना स्वतंत्र कळवा, एवढीच मागणी होती. मुख्याध्यापक म्हणाले, "आम्ही त्यांच्या भल्यासाठीच वाचतो." अर्जाची पोच दिली नाही. येत्या सोमवारी आम्ही पुन्हा जाणार आहोत, या वेळी एकेचाळीस पालकांच्या सह्या घेऊन. आईची सही त्या मुलीने स्वतः उभे राहून करवून घेतली.