कापसाचा बर्फ

डिसेंबरात आमच्या धुळ्याच्या कॉन्व्हेंटमध्ये गव्हाण मांडली जायची. तिच्यासाठी कापूस सोनगीरच्या आमच्या शेतातून यायचा. सरकीसकट. तांबोळ्यांची मुलगी आणि मी शेजारी बसून सरकी काढायचो, कापूस बोटांनी मोकळा करायचो आणि बेथलेहेमच्या डोंगरावर बर्फ पसरायचो. कडबाही कुणाच्या तरी गोठ्यातलाच असे.

ख्रिस्ती मुली वर्गात मोजक्याच. त्या धर्मशिक्षणाच्या तासाला गेल्या की बाकीच्यांना मोरल सायन्स. गव्हाणीपुढे गुडघे टेक, असं कुठल्याही सिस्टरनी मला कधी म्हटलं नाही. पुढे कॉलेजात राज्यघटनेचं कलम 28 वाचलं: सरकारमान्य किंवा अनुदानित शाळेत पालकांच्या संमतीशिवाय मुलांवर धार्मिक शिक्षणाची सक्ती करता येत नाही. आम्ही तर ते आधीच जगलो होतो.

लग्नानंतर जळगावला आले. मुलीला कॉन्व्हेंटमध्ये घालायचं ठरलं तेव्हा माळकरी सासूबाई धास्तावल्या. "पोरगी देवाला हात जोडणं सोडेल गं." नाताळच्या कार्यक्रमाला मात्र नातीसाठी आल्या. गव्हाणीतल्या बाळाखालचा कापूस सरकला होता, तो त्यांनी वाकून नीट केला. घरी आल्यावर नेहमीप्रमाणे हरिपाठ म्हटला. मुलगीही शेजारी बसली होती.

धुळ्यात कनोसा, जळगावात सेंट जोसेफ, भुसावळला सेंट अलॉयसियस. खान्देशातल्या किती घरांनी या नावांवर मुलं विश्वासाने सोपवली! कनोसा सिस्टर्सचा संघ 1808 मध्ये इटलीतल्या वेरोनात मॅग्डालेन कनोसा यांनी सुरू केला, तो गरीब मुलींसाठी. म्हणूनच आज कॉन्व्हेंटच्या फाटकाबाहेर उभ्या गाड्या पाहिल्या की मला काळजी वाटते. आम्ही मध्यमवर्गीयांनी या शाळा जवळजवळ आपल्याच करून घेतल्या.

2014 च्या प्रमती निकालात सर्वोच्च न्यायालयाने अल्पसंख्याक शाळांना शिक्षणहक्क कायद्यातून वगळलं. त्यामुळे दुर्बल घटकांसाठी 25 टक्के जागांचं बंधन त्यांच्यावर राहिलं नाही. आपली शाळा आपण चालवण्याचा कलम 30 चा हक्क मला मान्य आहे, तो टिकलाच पाहिजे. पण शेजारी बसून सरकी काढायला यावलच्या तडवी घरातली, शिरपूरच्या पावरा पाड्यावरची मुलगीही हवी. सिस्टर, कायदा सांगत नसला तरी तिच्यासाठी जागा ठेवा. फीचं आम्ही माजी विद्यार्थिनी बघू.