यादीत नसलेले नाव

स्मरणिकेसाठी लेख द्या, विषय आपल्या आवडीचा, असा निरोप संपादक मंडळाकडून आला, तेव्हा इतिहासाचा शिक्षक म्हणून लेण्यांविषयी किंवा एखाद्या शिलालेखाविषयी लिहावे असे प्रथम मनात आले. परंतु आपल्याच वसतिगृहातील एका वादविवादाने मला जे शिकवले, त्याची नोंद करणे अधिक अगत्याचे वाटले. त्या वादविवादाचा विषय वाचून काही जुने सहकारी हसतील. विषय होता, ‘जगातील सर्वश्रेष्ठ रॉक कलावंत कोण?’

हा विषय आपल्याकडे आला कसा, ते आधी सांगतो. आपल्या शाळेचा एक माजी विद्यार्थी सध्या पुण्यात नोकरीस आहे. दिवाळीच्या सुटीपूर्वी तो भेटीस आला आणि मुलांना एक गिटार, एक स्पीकर व त्यासोबत दोनेकशे इंग्रजी गाणी देऊन गेला. महिनाभरात दहावीच्या मुलांचे चार तट पडले. जेवणाच्या रांगेतही हाच वाद चाले. शेवटी शनिवारच्या सभेत, सायंकाळच्या वंदनेनंतर, रीतसर वादविवाद घ्यावा असे ठरले. परीक्षक म्हणून मुलांनी माझे नाव सुचवले आणि मी ते आनंदाने स्वीकारले.

आनंदाचे कारण उघड होते. १९९० नंतरच्या काळात मी एम.ए.साठी विद्यापीठाच्या वसतिगृहात राहत असे. माझ्या खोलीतील मित्राकडे एक टेपरेकॉर्डर आणि बीटल्सची एक कॅसेट होती. फीत अडकली की पेन्सिलीने गुंडाळायची आणि पुन्हा लावायची. शब्द निम्मेही कळत नसत, पण ती चार माणसे मला आपली वाटत. त्यामुळे निकाल माझ्या मनात आधीच लागलेला होता, ही कबुली इथेच दिलेली बरी.

मुलांनी तयारी मात्र कसून केली होती. बीटल्सच्या बाजूने बोलणाऱ्याने सांगितले की, ४ एप्रिल १९६४ च्या आठवड्यात अमेरिकेतील ‘बिलबोर्ड’च्या तक्त्यावर पहिली पाचही स्थाने या एकाच बँडकडे होती. दुसऱ्याने १९८५ मध्ये वेम्बलीच्या मैदानावर क्वीन या बँडने अवघ्या वीसेक मिनिटांत हजारोंचा समुदाय कसा जिंकला, त्याचे वर्णन केले. तिसरा लेड झेपेलिनचा चाहता होता. चौथ्याने जिमी हेंड्रिक्सची बाजू मांडली. हा गिटारवादक १९७० मध्ये वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी गेला. हयातीत त्याचे स्टुडिओत ध्वनिमुद्रित केलेले तीनच अल्बम निघाले, तरी आजही गिटार हाती घेणारा त्याचे नाव घेतो. मी फळ्यावर तीन निकष लिहिले होते: लोकप्रियता, प्रभाव आणि टिकाऊपणा. प्रत्येकासमोर गुण मांडत गेलो आणि अपेक्षेप्रमाणे बीटल्स पुढे निघाले.

निकाल जाहीर करणार, तोच नववीतील एक मुलगी उभी राहिली. ती कोणत्याही गटात नव्हती. तिने विचारले, “सर, फळ्यावर एकही बाई नाही. बायका गिटार वाजवत नव्हत्या का?”

मी क्षणाचाही विचार न करता उत्तर दिले, “त्या काळी या क्षेत्रात स्त्रिया फारशा नव्हत्याच, बाळ.” मुलगी खाली बसली. सभा संपली.

खोलीवर आल्यावर मात्र ते वाक्य मला टोचू लागले. मी ते कोणत्या आधारावर बोललो? एकही पुरावा माझ्याजवळ नव्हता. इतकेच नव्हे, तर हेच वाक्य विद्यार्थिदशेत मी दुसऱ्यांच्या तोंडून ऐकले होते. तुमची माणसे त्या काळी इतिहासात फारशी नव्हतीच, असे एका विद्वानाने भर वर्गात सांगितले होते आणि मी मान खाली घालून बसलो होतो. आता त्या बाकावर ती मुलगी होती आणि फळ्याशी मी होतो. त्यानंतरचे तीन आठवडे मी मिळेल ते वाचण्यात आणि ऐकण्यात घालवले.

जे हाती लागले, त्यात सर्वात प्रथम आले सिस्टर रोझेटा थार्प हे नाव. १९१५ मध्ये अमेरिकेतील आर्कान्सा राज्यात एका कृष्णवर्णीय कुटुंबात जन्मलेली ही स्त्री लहानपणापासून आईबरोबर चर्चमध्ये भक्तिगीते गात असे. गाता गाता ती गिटार वाजवी. १९३८ मध्ये तिची पहिली ध्वनिमुद्रिका निघाली. पुढे तिने इलेक्ट्रिक गिटार हाती घेतली आणि देवाची गाणी नाचगाण्याच्या क्लबांतून गायिली, म्हणून चर्चमधील अनेक जण तिच्यावर रुष्ट झाले. दौऱ्यावर असताना गोऱ्यांच्या हॉटेलात खोली मिळत नसे, तेव्हा ती आपल्या बसमध्येच झोपे. १९४५ मध्ये तिचे एक गीत ‘बिलबोर्ड’च्या तक्त्यावर दुसऱ्या क्रमांकापर्यंत पोचले. तो तक्ता मात्र वेगळा होता. कृष्णवर्णीयांच्या संगीतासाठी काढलेल्या त्या तक्त्याचे नाव ‘रेस रेकॉर्ड्स’, म्हणजे वंशाच्या ध्वनिमुद्रिका, असे होते. १९४९ मध्ये ते बदलून ‘रिदम अँड ब्लूज’ करण्यात आले. इतिहासाच्या विद्यार्थ्याने या नावापाशी थोडे थांबावे. पंगतच वेगळी मांडली, तर मुख्य पंगतीत कोण जेवले याच्या नोंदीत वेगळे बसवलेल्यांची नावे सापडणार कशी?

१९४७ मध्ये जॉर्जिया राज्यातील मेकन या गावी थार्पचा कार्यक्रम होता. तिथल्या चौदा वर्षांच्या एका मुलाला तिने रंगमंचावर बोलावून गायला लावले आणि त्याचे पैसेही दिले. तो मुलगा पुढे लिट्ल रिचर्ड म्हणून जगप्रसिद्ध झाला. १९६४ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टर येथे एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर दूरचित्रवाणीसाठी तिचा कार्यक्रम चित्रित झाला. एका फलाटावर श्रोते, समोरच्या फलाटावर कलावंत. पाऊस पडून गेलेला. एकोणपन्नास वर्षांची ही स्त्री गळ्यात पांढरी इलेक्ट्रिक गिटार अडकवून पावसावरचेच भक्तिगीत सुरू करते. हे चित्रण मी पाच-सहा वेळा पाहिले. ‘त्या काळी स्त्रिया फारशा नव्हत्या’ या माझ्या वाक्याचे एवढे स्पष्ट खंडन दुसरे असू शकत नाही. १९७३ मध्ये ती फिलाडेल्फिया येथे निवर्तली. तीस वर्षांहून अधिक काळ तिच्या कबरीवर नावाचा दगडही नव्हता.

आता याद्यांकडे पाहू. अमेरिकेतील ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ या संस्थेने १९८६ मध्ये पहिल्या सन्मानार्थींची नावे जाहीर केली. कलावंतांच्या मुख्य गटातील दहा नावांपैकी सहा कृष्णवर्णीय होती, हे न्यायाने सांगितले पाहिजे. पण त्या दहांत एकही स्त्री नव्हती. पहिली स्त्री, अरेथा फ्रँकलिन, १९८७ मध्ये आली. थार्पचा समावेश २०१८ मध्ये झाला, म्हणजे मृत्यूनंतर ४५ वर्षांनी. बिग मामा थॉर्नटनचे नाव २०२४ मध्ये आले, मृत्यूनंतर ४० वर्षांनी. शिवाय या दोघींना जागा मिळाली ती मुख्य कलावंतांत नव्हे, तर ज्यांचा इतरांवर प्रभाव पडला अशांच्या वर्गात. ज्यांच्यापासून इतर शिकले त्या ओसरीवर आणि शिकणारे माजघरात, असा हा प्रकार झाला.

‘रोलिंग स्टोन’ या मासिकाने २००३ मध्ये शंभर श्रेष्ठ गिटारवादकांची यादी छापली. तीत स्त्रिया दोनच होत्या आणि थार्प नव्हती. त्याच मासिकाने २०२३ मध्ये २५० नावांची नवी यादी केली, तेव्हा थार्प सहाव्या क्रमांकावर होती. मरून ५० वर्षे झालेल्या स्त्रीचे वादन या वीस वर्षांत सुधारले काय? तिच्या ध्वनिमुद्रिका होत्या तशाच होत्या. यादी करणारे बदलले, त्यांचे कान बदलले. याच मासिकाने श्रेष्ठ अल्बम निवडले, तेव्हा २००३ मध्ये बीटल्सचा ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. २०२० मध्ये तो चोविसावा झाला आणि मार्व्हिन गे यांचा अल्बम पहिला आला.

यावरून सगळ्या याद्या खोट्या आणि कोणीच कोणापेक्षा श्रेष्ठ नाही, असा निष्कर्ष मी काढत नाही. तो आळशी माणसाचा निष्कर्ष आहे. कोण कोणापासून शिकले, कोणाचे नाव लागले आणि पैसे कोणाला मिळाले, हे तीन प्रश्न विचारल्यावाचून क्रम लावू नये, एवढेच माझे म्हणणे आहे. ‘हाउंड डॉग’ हे गीत थॉर्नटनने १९५२ मध्ये गायिले आणि पुढच्या वर्षी ते गाजले. त्याचे आपल्याला एकदाच सुमारे ५०० डॉलर मिळाले, असे ती सांगत असे. १९५६ मध्ये तेच गीत एल्व्हिस प्रेस्ली गायला आणि ते त्याचे म्हणूनच जग ओळखू लागले. लेड झेपेलिनच्या १९६९ मधील एका प्रसिद्ध गीताबाबत ब्लूजचे रचनाकार विली डिक्सन यांनी १९८५ मध्ये दावा लावला. १९८७ मध्ये तडजोड झाली आणि पुढे त्या गीतावर डिक्सन यांचे नाव आले.

त्याच वेळी दुसरी बाजूही दिसली. हाउंड डॉगचे रचनाकार दोन गोरे तरुण होते. चक बेरी या कृष्णवर्णीय कलावंताने १९५५ मध्ये गाजवलेल्या ‘मेबलीन’ची बैठक गोऱ्या ग्रामीण वादकांच्या एका जुन्या गीतावर होती. म्हणजे देवाणघेवाण दोन्हीकडून चाले आणि कलेत ती चालायचीच. अन्याय होतो तो देणाऱ्याचे नाव पुसल्यावर. खुद्द मेबलीनच्या रचनाकारांत बेरीबरोबर आणखी दोघांची नावे घुसडली गेली होती, ती निघायला १९८६ साल उजाडले. आणि माझ्या लाडक्या बीटल्सविषयीही सांगितले पाहिजे. आपण कोणाकडून शिकलो ते त्यांनी लपवले नाही. बेरी, लिट्ल रिचर्ड यांची गीते त्यांनी त्यांच्या नावानिशी गायिली. सप्टेंबर १९६४ मध्ये फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे काळ्या-गोऱ्या श्रोत्यांना वेगवेगळे बसवणार असाल तर आम्ही गाणार नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगितले आणि श्रोते एकत्र बसले. श्रेष्ठत्वाच्या हिशेबात ही गोष्टही जमेच्या बाजूला धरावी असे मला वाटते.

तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी मी पुन्हा फळ्यासमोर उभा राहिलो. आधी त्या मुलीची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. शिक्षकाने पुराव्याशिवाय विधान केले होते आणि ते चुकीचे होते, असे सांगितले. मग मँचेस्टरचे ते चित्रण दाखवले. दोन मिनिटे सभागृहात कोणी हलले नाही. शेवटी तीच मुलगी म्हणाली, “म्हणजे हीच पहिली ना, सर?”

मला ‘होय’ म्हणण्याचा मोह झाला. पण एक चूक दुसऱ्या चुकीने दुरुस्त होत नाही. मी म्हणालो, “पुरावा तेवढे सांगत नाही. १९३६-३७ मध्ये ध्वनिमुद्रण केलेला रॉबर्ट जॉन्सन आहे, १९४९ चा फॅट्स डॉमिनो आहे. झऱ्यांची नावे पुष्कळ आहेत. पण ती यादीत नव्हती आणि असायला हवी होती, हे मात्र पुरावा नक्की सांगतो.” तिला हे उत्तर पुरेसे वाटले नाही, हे तिच्या चेहऱ्यावर दिसत होते. अजूनही ती माझ्याशी यावरून वाद घालते आणि मला ते आवडते.

माझी आजची यादी विचाराल, तर पहिला चक बेरी. गिटारची धाटणी आणि साध्या माणसाची गोष्ट त्याने अशी एकत्र बांधली की बीटल्स आणि रोलिंग स्टोन्स दोघेही त्याच्याच पायवाटेने निघाले. त्याचे एक गीत १९७७ मध्ये व्हॉयेजर यानांतून अवकाशातही गेले. व्यक्ती म्हणून तो निष्कलंक नव्हता, तुरुंगातही गेला होता, हे मी मुलांपासून लपवले नाही. दुसरी रोझेटा थार्प. तिसरे बीटल्स. मुलांना हा क्रम मान्य नाही आणि तो मान्य करून घेण्याची मला इच्छाही नाही. प्रत्येकाने आपला क्रम लावावा, फक्त कारणे सांगावीत.

जाता जाता एक विनंती. याच स्मरणिकेत नामवंत माजी विद्यार्थ्यांची यादी आहे आणि ती करणाऱ्यांत मीही होतो. छापखान्यात देण्यापूर्वी ती पुन्हा वाचली, तेव्हा मुलींची नावे मोजकीच दिसली. पदे आणि पगार पाहून आम्ही नावे घेतली होती. आठवीत शाळा सोडून गेलेली, पण धाकट्या तीन भावंडांना इथवर पोचवणारी मुलगी तीत कुठेच नव्हती. मुदत संपत आली होती, जमेल तेवढी नावे वाढवली, तरी यादी अपुरीच आहे. आपल्या माहितीत असे कोणी असेल, तर शाळेच्या कार्यालयाकडे अवश्य लिहून पाठवावे. पुढच्या स्मरणिकेत ते नाव येईल, याची जबाबदारी माझी.