सोळा कॉम्प्युटर, एक चोपडा



मागे मी आमच्या दांडिया बाजारातल्या वाचनालयाबद्दल लिहिलं, तेव्हा दोघा-तिघांनी विचारलं, "काका, बँकेतून रिटायर झाल्यावर तुम्ही तिथे नेमकं करता काय?" पुस्तकांचं बाकीची मंडळी बघतात. माझ्याकडे मागच्या खोलीतले सोळा कॉम्प्युटर आहेत.

सगळे ऑफिसांनी मोडीत काढलेले, दान आलेले. नवं विंडोज त्यांना झेपत नाही, म्हणून लिनक्स टाकलं. ते फुकट आहे आणि जुन्या मशीनवर निमूट चालतं. परीक्षांची तयारी करणारी मुलं येतात, त्यांत निम्मी गुजराती. घरी कॉम्प्युटर नाही, फोनचा डेटा दुपारीच संपलेला, अशी मुलं.

आता काम काय, तर प्रत्येक मशीनमध्ये एक छोटी फाइल असते. आपला नंबर कोणता, बाहेर जायचं दार कोणतं, वेबसाइटची नावं कोणाला विचारायची, एवढंच त्यात लिहिलेलं. ज्यांनी मशीनं बसवून दिली त्यांनी ते सोळा ठिकाणी हाताने लिहिलं होतं. गेल्या पावसाळ्यात इंटरनेटवाल्याने न सांगता राउटर बदलला. जुन्याचा पत्ता १९२.१६८.१.१, नव्याचा १९२.१६८.०.१. फरक एका आकड्याचा, आणि सोळाही मशीनं ठप्प. नेमकी त्याच दिवशी बँकेच्या परीक्षेच्या फॉर्मची शेवटची तारीख!

एकेका मशीनपुढे बसून फाइल उघडायची. त्यातही सगळ्या सारख्या नाहीत. जुन्या मशीनांत एका पद्धतीने लिहायचं, नव्यांत नेटप्लॅन. या नेटप्लॅनचा तोरा असा की ओळ आत सरकवायला स्पेसच हवी, टॅब दाबला तर फाइल वाचायलाच नकार. आमच्या हेड क्लार्कची आठवण झाली. संध्याकाळपर्यंत अकरा मशीनं सुरू झाली. एका मुलीचा फॉर्म रात्री साडेअकराला माझ्या घरून भरला. तिची आई जिन्यात उभी होती.

बँकेत मी १९७३ साली लागलो. तेव्हा प्रत्येक शाखेत नियमांचं जाडजूड पुस्तक असायचं. हेड ऑफिसातून दुरुस्तीच्या चिठ्ठ्या यायच्या, त्या डिंकाने योग्य पानावर चिकटवायच्या. शंभर शाखांत शंभर पुस्तकं. कुठे चिठ्ठी चिकटली, कुठे टेबलाच्या खणात राहिली. इन्स्पेक्शन आलं की कळायचं, दोन शाखा दोन वेगळ्या नियमांनी चालल्यात.

गंमत म्हणजे इंटरनेटचं बालपणही असंच गेलं. अर्पानेटच्या काळात कॅलिफोर्नियातल्या एका संशोधन संस्थेत सगळ्या मशीनांची नावं आणि नंबर एकाच होस्ट्स नावाच्या फाइलमध्ये ठेवत. एलिझाबेथ फाइनलर यांच्याकडे ते खातं होतं. बाकीच्यांनी ती फाइल उतरवून घ्यायची. मशीनं वाढली, उतरवून घेतलेल्या प्रती शिळ्या राहू लागल्या. मग १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी डीएनएस आणलं. प्रत वाटायची नाही, हवं तेव्हा विचारायचं. होस्ट्स फाइल मात्र लिनक्समध्ये अजून आहे, जुन्या वाड्यातल्या रांजणासारखी.

आम्हीही तेच केलं. एक मशीन हेड ऑफिस. त्यावर डीएनएसमास्क नावाचा छोटा प्रोग्राम आणि एक फाइल. प्रत्येक मशीनला एक ओळ, तिच्यात कार्डाचा कायमचा नंबर, मशीनचं नाव, त्याला द्यायचा पत्ता. बाकी पंधरा मशीनं सुरू झाली की त्याला विचारतात, मी कोण? दार कुठलं? पुन्हा राउटर बदलला तर दुरुस्ती एकाच ठिकाणी. "राउटरच नंबर वाटतो की, एवढा उपद्व्याप कशाला?" असं एका इंजिनिअर भाच्याने सुनावलं. अरे बाबा, राउटर आपला कुठे आहे? तो नेतील तेव्हा आपली यादीही घेऊन जातील.

ती फाइल आम्ही गिटमध्ये ठेवतो. हा आमचा चोपडा. कोणी, कधी, कुठली ओळ बदलली, सगळं राहतं. कारण लिहिल्याशिवाय बदल घ्यायचा नाही आणि करणारा एक, पास करणारा दुसरा, हे दोन नियम मी बँकेतून आणले. नेटप्लॅनलाही हे ठाऊक आहे. त्याचा ट्राय हुकूम दिला तर १२० सेकंदांत तुम्ही होकार द्यायचा, नाही तर तो गुपचूप जुनं परत लावतो. असा कॅशिअर मला मिळायला हवा होता!

पास करायचं काम सध्या त्याच साडेअकरावाल्या मुलीकडे आहे. "काका, आ केम बदल्युं?" असं विचारते आणि उत्तर पटेपर्यंत पास करत नाही. कारणं कधी मराठीत, कधी गुजरातीत लिहिलेली असतात. फाइलची एक छापील प्रत कपाटाच्या दाराला आतून चिकटवली आहे, कारण हेड ऑफिसचं मशीनही दहा वर्षांचं आहे आणि मी त्र्याहत्तरचा. पुढच्या महिन्यात माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे, तोवर तिने अजून एकाला शिकवून ठेवायचं असं ठरलंय.

कोणाच्या ऑफिसात आठ पोर्टचा जुना स्विच पडून असेल तर कळवा, मी स्वतः येऊन घेऊन जाईन. वायरी नकोत, त्या खूप आहेत.