आमच्या घरची दोन सुपं

आमच्या घरात सुपांसाठी दोन खिळे होते. एक चुलीजवळच्या भिंतीत, दुसरा सपरीतल्या, म्हणजे ओसरीतल्या, खांबाला. दोन्ही सुपं एकाच बुरडाकडून, एकाच बाजाराच्या दिवशी, एकाच भावात घेतलेली. म्हणजे सख्खी भावंडंच. पण उंबरठा ओलांडला आणि दोघांची जात वेगळी झाली. चुलीजवळचं सूप धानाचं, खांबावरचं बिडीचं. खांबावरचं कधी स्वयंपाकघरात आलं नाही आणि चुलीजवळचं कधी सपरीत बसलं नाही.

हा नियम मी एकदा मोडला. आठेक वर्षांचा होतो. माय शेतावर, आजी शेजारी गेलेली. आपण मोठं काम करून ठेवावं अशी हुक्की आली, म्हणून हाताला लागलं ते सूप काढलं आणि पायलीभर तांदूळ पाखडला. लागलं होतं बिडीचं. संध्याकाळच्या भाताला जर्द्याचा असा काही वास आला की बाबा पहिल्या घासाला उठले. उरलेला तांदूळ कोंबड्यांना टाकला, तर कोंबड्यांनीही चोच लावून मान फिरवली. आजी एवढंच म्हणाली, ‘‘सूप पाहून घेजो पोरा. सुपाले तोंड असते, पर ते बोलत नाही.’’

सुपाला खरंच तोंड असतं. तीन बाजूंनी काठ आणि चौथीकडे सगळं मोकळं. टोपली साठवते, डालगं झाकतं, ढोला वर्षभराचं धान पोटात घेऊन गप्प बसतो. सूप काहीच ठेवून घेत नाही. घेतं, झटकतं आणि रिकामं होऊन खिळ्यावर जातं. आमच्या आजीला सुपात रात्रभर काही राहिलेलं खपत नसे. तिचं धानाचं सूप दर वर्षी मेथी आणि कागदाच्या लगद्यानं लिंपून निघायचं, म्हणून कांबट्यांच्या फटी बुजलेल्या आणि पाठ लोण्यासारखी गुळगुळीत. चुकून पाय लागला तर त्याच्या पाया पडावं लागे. घरात मूल जन्मलं की पहिल्यांदा त्याच्यात निजायचं. मीही निजलो आहे म्हणतात.

चाळणी आणि सूप यांना लोक एका माळेत ओवतात, ते मला पटत नाही. चाळणीला आकार कळतो, बारीक ते खाली, जाडं ते वर. भोकातून गेलं की तिचा संबंध संपला. सुपाला वजन कळतं. कोंडा, फोल, तूस ही हलकी मंडळी पाखडताना आपसूक तोंडाकडे सरकतात आणि बाहेर पडतात. खड्याचं तसं नाही. खडा तांदळापेक्षा जड, तो पाखडून जात नाही. त्याला घोळत घोळत एका कोपऱ्यात आणावं लागतं आणि मग बोटानं उचलावं लागतं. पाखडणं मला दहाव्या वर्षी जमलं. घोळणं अजून जमत नाही. मनगट फिरतं, पण खडा येत नाही. आजीच्या हातात तो बोलावल्यासारखा यायचा.

आमची बांधी दीड एकराची. हलकं धान दिवाळीच्या आसपास निघायचं, भारी धान त्यानंतर. मळणी झाली की बाबा खळ्यावर तिवईवर उभे राहायचे आणि सूप डोक्याच्या वर धरून वाऱ्याच्या धारेला धान सोडायचे. वारा पडला की सगळे हात बांधून उभे. वाऱ्याची अशी वाट पाहणारी माणसं मी नंतर पाहिली नाहीत, आता पंखे आले. धानाच्या सुपाचं खरं काम असं थोड्या दिवसांचं, बाकी वर्ष घरच्या तांदळापुरतं. मान मात्र बारमाही. लक्ष्मीपूजनाला त्याला हळद-कुंकू, त्याच्यात लाह्या, त्याच्या काठाला झेंडूचं फूल.

खांबावरच्या सुपाला यातलं काही नव्हतं आणि ते लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही मायच्या मांडीवर असायचं.

माय भिंतीला पाठ टेकून पाय लांब करायची आणि सूप मांड्यांवर घ्यायची. रात्री भिजवून ओल्या गोणपाटात गुंडाळलेली तेंदूपानं सकाळी मऊ व्हायची. त्यांच्यावर पत्र्याचा फर्मा ठेवून कैचीनं चौकोनी तुकडे कापायचे. सुपात एका बाजूला ते तुकडे, मध्ये जर्द्याची ढेरी, कोपऱ्यात दोऱ्याची रीळ. तुकड्यावर चिमूटभर जर्दा पसरायचा, वळायचं, तोंड दुमडायचं, दोऱ्याचे वेढे द्यायचे. हे सगळं मी आत्ता एका वाक्यात लिहिलं त्याहून कमी वेळात तिचं व्हायचं. दिवसाला आठशे बिड्या, सण जवळ आला की हजार. सुपाच्या डाव्या काठाला तिच्या मनगटानं एक खाच पाडली होती. नवं सूप आलं की तीही तिथेच नव्यानं पडायची. बिडीचं सूप कधी लिंपलं नाही. जर्द्याची धूळच त्याच्या फटीत बसून ते आपोआप लिंपलं जायचं आणि रंगानं गुळासारखं काळपट व्हायचं.

मला पंचविसाचा पाढा या सुपानं शिकवला. पंचवीस बिड्यांचा एक कट्टा, चाळीस कट्ट्यांचे हजार. शाळेत गुरुजींनी पंचविसाचा पाढा म्हणायला सांगितला. सगळी मुलं अडीचशेला थांबली, मी थांबलोच नाही. पंचवीस चाळीस हजार म्हणूनच खाली बसलो. गुरुजींनी विचारलं, ‘‘कुठून शिकला रे?’’ मी म्हटलं, ‘‘सुपातून.’’ वर्ग हसला. गुरुजी हसले नाहीत. त्यांच्याही घरी सपरी असावी.

उन्हाळ्यात सूप काही दिवस रिकामं राहायचं, कारण माय-बाबा तेंदूपानं तोडायला जंगलाकडे जायचे. सत्तर पानांचा एक पुडा, हजार पुड्यांची एक मानक गोणी. म्हणजे गोणी भरायची तर सत्तर हजार पानं हातातून जायला हवीत. तेच पान सुकून, पोत्यात बसून, कारखान्याच्या वाटेनं सट्टेदाराकडे, म्हणजे पान-जर्दा देऊन बिड्या घेणाऱ्या मध्यस्थाकडे, यायचं आणि पुन्हा मायच्या सुपात पडायचं. ओळख दोघंही दाखवत नसत.

सट्टेदार संध्याकाळी हिशेब घ्यायचा. कट्टा मुठीत दाबून पाहायचा, कानाशी नेऊन हलवायचा, मग छाट काढायचा. छाटलेल्या बिडीची मजुरी नाही आणि बिडीही परत नाही. एका पावसाळ्यात रोज तीन-चार कट्टे छाट निघू लागली. पानंच भोकाची आणि जून होती, पण ती बदलून मिळेनात. घरात मीठ-मिरचीची ओढ. त्या रात्री माय सूप घेऊन बसली आणि कंदिलापुढे एकेक पान धरून पाहू लागली. चांगलं सुपात, वाईट खाली. धान निवडतात तसं ती पान निवडत होती. बाजारातून तिनं पदरच्या पैशानं थोडी पानं आणून भर घातली. म्हणाली, ‘‘पान खोटं निघालं तर बिडी खोटी मनतात. पान देनाऱ्याले कोनी काही मनत नाही.’’ मी तेव्हा लहान होतो, पण हे वाक्य मला तेव्हाही कळलं होतं.

कायदा नव्हता असं नाही. बिडी आणि सिगार कामगारांचा कायदा १९६६ सालचा, घरी बसून बिड्या वळणाऱ्या बायाही त्यात येत. कल्याण निधीचा कायदा १९७६ चा. त्यातून मला शिष्यवृत्ती मिळाली. फॉर्मवर ‘जिल्हा’ म्हणून आम्ही भंडारा लिहायचो, कारण आमचा गोंदिया जिल्हा पुढे १ मे १९९९ ला झाला. बिडीच्या पैशानं शाळा उभ्या राहिल्या हेही आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बिडीच्या धंद्यातल्या मनोहरभाई पटेलांनी १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था काढली. त्यांचं नाव पाटीवर आहे आणि ते असावंच. पाटीवर नाव नसलेली फी मात्र सपरी-सपरीतल्या सुपांतून निघाली. माझ्या अकरावीच्या फीचा हिशेब माझ्याकडे आहे, कट्ट्यांत.

आणि एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. त्या सुपातून जे बाहेर गेलं त्यानं कुणाचं भलं झालं नाही. ज्यांनी ती बिडी ओढली त्यांच्या छातीत काय झालं असेल ते मला कळतं. जर्द्याच्या धुळीनं मायला जो खोकला लावला तो अजून पहाटे ऐकू येतो. २ ऑक्टोबर २००८ पासून सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली, तेव्हा मी त्या बंदीच्या बाजूचा होतो. आजही आहे. आणि शिकलो आहे त्याच बिडीवर. यातलं काही पाखडून टाकावं म्हटलं तर हलकं काही निघत नाही.

आजी गेल्यावर पहिल्या दिवाळीला मला वाटलं, आता माय दोन्ही सुपांना हळद-कुंकू लावेल. तसं झालं असतं तर हा लेख लिहायला सोपा गेला असता. तिनं नाही लावलं. मीच म्हटलं, ‘‘त्यालाही लाव ना.’’ ती दोऱ्याचं टोक दातांत धरून होती. टोक सोडून म्हणाली, ‘‘त्याले पूजा नाही लागत, काम लागते.’’

आता मी गोंदियातल्या एका राईस मिलमध्ये सॉर्टेक्सवर असतो. हे यंत्र म्हणजे फार महागडं सूप. वरून तांदळाची पातळ धार सुटते, कॅमेरे एकेक दाणा पाहतात आणि काळा, पिवळा, डागाळलेला दाणा दिसला की बाजूनं हवेची एक बारीक फुंकर बसते. तेवढाच दाणा धारेतून बाहेर. सेटिंग करणं माझं काम. फुंकर जोराची झाली तर चांगला तांदूळही जातो, हळू झाली तर डाग राहतो. हाताला त्याचा अंदाज यायला मला दोन वर्षं लागली आणि तो आल्यापासून पाळी संपवून घरी जाताना बरं वाटतं. हंगामात पाळी लांबते, कानांना दडे बसल्यासारखं होतं, पापण्यांवर कोंडा चढतो. तरी सरळ निघालेली पांढरी धार पाहत उभं राहण्यासारखं दुसरं सुख मला या कामात माहीत नाही.

आमच्याकडे एचएमटी तांदूळ फार येतो. त्याची गोष्ट मी नव्या पोरांना सांगतो. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांना १९८३ साली शेतात तीन वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या त्यांनी बाजूला काढून जपल्या, पेरल्या, पुन्हा निवडल्या. त्यातून हे वाण आलं. नाव पडलं त्या वेळच्या गाजलेल्या घड्याळावरून. कॅमेरा नाही, फुंकर नाही, नुसती नजर.

मायला एकदा मिल दाखवायला आणली. यंत्रापुढे ती बराच वेळ उभी राहिली. मग बाहेर पडणाऱ्या धारेखाली ओंजळ धरली, तांदूळ तळहातावर घोळला, बोटानं पसरला. मी विचारलं, ‘‘कसं आहे?’’

‘‘हेही फुकतेच की,’’ ती म्हणाली. थोड्या वेळानं विचारलं, ‘‘पर याले घोळता येते का?’’

मी म्हटलं, खड्यासाठी वेगळं यंत्र आहे, अलीकडे लावलेलं. ती ‘हो का’ म्हणाली. त्या ‘हो का’चा अर्थ मला घरी गेल्यावर कळला.

मायचं बिडीचं काम सुटलं त्याला आता काही वर्षं झाली. आधी नजर गेली, मग बोटांची पेरं आखडली. पेन्शन येते. १ सप्टेंबर २०१४ पासून किमान पेन्शन महिन्याला हजार रुपये ठरली, तिला तेवढीच मिळते. हजार हा आकडा तिला आयुष्यभर पुरला. खांबावरचं सूप तिनं टाकलं नाही. ते आता तिच्या खाटेखाली असतं. त्यात चष्मा, खोकल्याचं औषध, पेन्शनचं पासबुक आणि बिडी कामगाराचं ओळखपत्र आहे. ओळखपत्रावर अजून जिल्हा भंडारा लिहिलेला आहे.

धानाचं सूप चुलीजवळच्याच खिळ्यावर आहे, चूल गेली आणि शेगडी आली तरी. मी आमच्याच मिलचा पंचवीस किलोचा कट्टा घरी नेतो. पिशवीवर सॉर्टेक्स असं ठळक छापलेलं असतं. माय ते वाचत नाही. कट्टा फोडला की ती सूप काढते, आधी पाखडते, मग घोळते. मी म्हणतो, त्यात काही निघणार नाही. ती म्हणते, ‘‘तू बस.’’

मागच्या कट्ट्यातून दोन खडे निघाले. ते तिनं खाटेखालच्या सुपात, ओळखपत्राशेजारी ठेवले आहेत. मिलच्या मालकाला मी अजून सांगितलेलं नाही.